घरी सुकवलेल्या सफरचंदांना बरणीत बुरशी आली, नक्की कुठे चुकलं?

निळीछत्री:
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. महिन्याभरापासून घरी फळं सुकवायचा प्रयत्न करतीये. मुलीला मधल्या वेळेत खायला बिनसाखरेचं काहीतरी हवं आणि तिला सुकी सफरचंदं मनापासून आवडतात, म्हणून म्हटलं घरीच करू. दोन किलो सफरचंदं आणली, सालं काढली, चकत्या केल्या (काही जाड काही पातळ झाल्या, सुरीनेच कापल्या), आणि छोट्या ओव्हनमध्ये ९० डिग्रीला तीन तास ठेवल्या. वाचलं होतं की ६० ला ठेवायचं, पण त्याला आठ-दहा तास लागतात असंही लिहिलेलं, मला वाटलं तापमान वाढवलं की वेळ वाचेल. बाहेर काढल्या तेव्हा काय सुंदर दिसत होत्या, कडा कुरकुरीत, रंग सोनेरी, आम्ही तिथल्या तिथे चार-पाच खाल्ल्या. उरलेल्या गरम असतानाच काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावलं, हवा लागून मऊ पडू नयेत म्हणून.

नवव्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास. मधल्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या आणि सोडवल्या तर आत पांढरी लव. वरच्या थरातल्या अजून चांगल्या दिसतायत.

प्रश्न असे आहेत, वरच्या चांगल्या चकत्या खाल्ल्या तर चालतील का? दुसरं म्हणजे द्राक्षं पण लावली होती, ती ६० ला सोळा तास ठेवूनही फुगलेलीच, आत रस तसाच. केळी काळपट झाली. आणि यासाठी वेगळं डिहायड्रेटर घ्यावंच लागतं का, की ओव्हनमध्ये नीट जमतं? फार मन लावून केलं होतं हो, दोन किलो फळ वाया गेल्याचं वाईट वाटतंय.

काटेकोर:
ताई, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. पूर्ण बरणी टाकून द्या. वरच्या चकत्या चांगल्या दिसल्या तरी बुरशीचे धागे आणि बीजाणू डोळ्यांना दिसायच्या आधीच सगळीकडे पोचलेले असतात, आणि काही बुरशी जे विष सोडतात ते परत भाजून किंवा उन्हात ठेवून जात नाही. मुलीसाठी केलंय ना, मग यात अजिबात विचार करू नका. बरणी गरम पाण्याने साबण लावून धुवा, झाकणाची रबरी रिंग काढून तीसुद्धा, आणि उन्हात खडखडीत वाळवा.

आता चूक कुठे झाली. ९० डिग्री. सगळं तिथेच आहे. फळ सुकवणं म्हणजे भाजणं नाही, आतलं पाणी हळूहळू पृष्ठभागावर यायला वेळ द्यायचा आणि आलेलं पाणी वाहत्या हवेने उचलून न्यायचं, एवढाच खेळ आहे. तुम्ही जास्त उष्णता दिली की बाहेरचा थर आतलं पाणी यायच्या आतच वाळून कडक होतो, आणि तो कडक थर मग झाकणासारखा बसतो, आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला कोरडं लागतं, दिसायला सोनेरी, पण मधे ओल तशीच. बरणीत गेल्यावर तीच ओल हळूहळू बाहेर झिरपते आणि बुरशीला हवं तेच मिळतं. त्यात तुम्ही गरम असताना झाकण लावलंत, म्हणजे आतली वाफ बरणीच्या काचेवर थंड होऊन परत फळावरच पडली.

५५ ते ६० डिग्री, याच्या वर जाऊ नका. अगदी घाई असेल तर पहिला तासभर ६५ चालतं कारण तेव्हा फळ ओलं असतं आणि पाणी उडताना ते स्वतः थंड राहतं, पण नंतर खाली आणायलाच हवं. आणि छोट्या ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, त्यावर ६० लिहिलेलं असतं आणि आत बराच फरक असतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो तो घ्या. दार लाकडी चमच्याची दांडी अडकवून थोडं उघडं ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल, जमलं तर दारासमोर छोटा पंखा. लहान मूल घरात आहे तर दार उघडं असताना कोणीतरी जवळ थांबायला हवं हे आलंच.

चकत्या ५ ते ६ मिलिमीटर आणि सगळ्या सारख्या. हे फार महत्त्वाचं आहे, किसणीच्या पात्यावर करा हवं तर. तुमच्या बरणीत पातळ चकत्या बहुतेक नीट वाळल्या असतील आणि जाड चकत्यांनी त्यांना ओलं केलं असेल.

उन्हातला_माणूस:
काटेकोर यांनी बरोबर सांगितलंय. मी ओव्हन वापरत नाही, अनेक वर्षं उन्हातच करतोय, त्यामुळे द्राक्षांचं मी सांगतो.

द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, बोटाने पुसला की चमक येते तो. त्याच्यातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणूनच सोळा तास ठेवूनही फुगलेली. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, चाळणीतच ठेवून बुडवा म्हणजे एकदम काढता येतात, आणि लगेच गार पाण्यात टाका. उजेडात धरून नीट बघितलंत तर सालीवर केसासारख्या बारीक चिरा दिसतील, त्याच हव्यात. जास्त वेळ ठेवलंत तर साल सुटते आणि रस वाहतो, मग सगळा चिकट राडा होतो. नंतर कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण टिपून मगच वाळत घाला. हा त्रास नको असेल तर सरळ अर्धी कापा आणि कापलेली बाजू वर ठेवा. दिसायला बेदाण्यासारखी नाही होत पण चव तीच आणि वेळ निम्म्याच्या आसपास. बिनबियांचीच घ्या, बिया दाताखाली येतात.

उन्हात करायचं तर नुसतं ऊन असून भागत नाही, हवा कोरडी पाहिजे. तापमान ३० च्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, असे तीन-चार दिवस सलग मिळणार असतील तरच हात घाला. ढगाळ किंवा दमट हवेत घातलेलं फळ वाळायच्या आधी आंबतं. मी स्टीलच्या जाळीवर पसरतो, जाळी चार विटांवर उचलून म्हणजे खालूनही वारा लागतो, वरून पातळ कापड ताणून बांधायचं, ते फळाला टेकता कामा नये. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नका, फळातल्या आंबटाने मुलामा सुटून फळात उतरतो. तांब्याचं आणि ॲल्युमिनियमचंही नको. संध्याकाळी सगळं आत घ्यायचं, दरवेळी, कंटाळा केला की रात्रीचं दव दिवसभराची मेहनत परत भिजवून टाकतं.

आणि एक गोष्ट जी लोक करतच नाहीत. उन्हात वाळवलेल्या फळात किड्यांची अंडी राहू शकतात, कापड असलं तरी. वाळून झालं की पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये, उणे १८ डिग्रीला, किमान ४८ तास ठेवा. नाहीतर ओव्हनमध्ये ७० डिग्रीला अर्धा तास. मी एका वर्षी हे न करता अंजीर ठेवले होते आणि दोन महिन्यांनी डबा उघडला तेव्हा जाळी धरलेली, बारीक अळ्या. त्या दिवसापासून एकदाही चुकवलं नाही.

निळीछत्री:
दोघांचे मनापासून आभार, बरणी टाकली. जस्ताच्या जाळीचं तर माहीतच नव्हतं, मी तीच आणणार होते.

पण एक कळत नाहीये, ६० ला ठेवलं तरी आतून वाळलंय हे ओळखायचं कसं? बाहेरून तर मागच्या वेळीही कोरडंच वाटत होतं ना. आणि कुणीतरी सांगितलं की सरळ चिप्ससारखं कडक होईपर्यंत वाळवायचं म्हणजे प्रश्नच नाही, ते खरं का?

काटेकोर:
कडक केलं तर चालतं, पण ते वेगळं खाणं झालं. आणि कडक चकती हवेतला ओलावा फार पटकन ओढते, झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं की मऊ. तुम्हाला मऊसर चिवट हवी असेल तर ओळखायच्या खुणा सांगतो.

गरम फळ नेहमी असतं त्याहून मऊ आणि ओलं लागतं, त्यामुळे ट्रेमधून एक-दोन चकत्या काढून पाच-दहा मिनिटं पूर्ण गार होऊ द्या, मग बघा. मधोमध फाडा. फाटलेल्या कडेवर ओलसर चकाकी दिसली, किंवा कड चिमटीत दाबल्यावर पाण्याचा टिपूस आला तर अजून वेळ आहे. मग दुसरी चकती दुमडून दाबा, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून राहिल्या नाहीत, सोडल्यावर उघडली, म्हणजे झालं. ट्रेच्या कोपऱ्यातली चकती घेऊन चाचणी करू नका, मधली आणि सगळ्यात जाड दिसणारी घ्या.

पण मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो वजनकाटा. हात फसतात, डोळे फसतात, काटा फसत नाही. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे साल-बिया काढून १ किलो चकत्या घेतल्या तर त्यात १५० ग्रॅम बिनपाण्याचा ऐवज. सुकलेल्या फळात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको, म्हणजे ते १५० ग्रॅम एकूण वजनाचे ८० टक्के झाले पाहिजेत. १५० भागिले ०.८, आले साधारण १८७. म्हणजे १ किलोच्या चकत्या १९० च्या खाली उतरल्याशिवाय बरणीचा विचारच करायचा नाही. द्राक्षात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी आणि बेदाणे जरा जास्त वाळवायचे असतात, तिथे १ किलोचे २४० ग्रॅमच्या आसपास. केळ्यात पाणी कमी, ७५ टक्के, तिथे सोललेल्या १ किलोचे ३०० च्या आसपास. फळ किती गोड, किती रसाळ, यावर थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे हा आकडा गाठला की फाडून आणि दुमडूनही बघायचंच. पण तुम्ही त्या तीन तासांनंतर वजन केलं असतंत तर काट्याने लगेच सांगितलं असतं की अजून बरंच पाणी आत आहे.

वजन घालायच्या आधी करून कागदावर लिहून ट्रेला चिकटवा, मी सुरुवातीला लिहायचं विसरायचो आणि मग सगळा अंदाजच.

दालचिनी:
इथे एक पायरी राहिली आहे, ती मी लिहिते कारण माझ्या मते बुरशी टाळायची खरी किल्ली तीच आहे. काट्यावर वजन बरोबर आलं तरी ते सगळ्या चकत्यांचं मिळून असतं, त्यातल्या काही जास्त वाळलेल्या आणि काही कमी. म्हणून गार झाल्यावर काचेच्या बरणीत सैलसर भरा, दोन तृतीयांशच, आणि झाकण लावून आठ-दहा दिवस स्वयंपाकघरात समोर ठेवा जिथे रोज नजर पडेल. रोज एकदा बरणी हलवायची. कोरड्या चकत्या ओल्या चकत्यांमधली ओल घेतात आणि सगळं सारखं होतं. या दिवसांत काचेच्या आतून, विशेषतः बरणीच्या गळ्याजवळ, जरासं जरी धुकं किंवा थेंब दिसले तर सगळं परत ट्रेवर काढून दोन तास वाळवायचं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दहा दिवस काच स्वच्छ राहिली तरच शेवटच्या डब्यात भरायचं. प्लास्टिकच्या अपारदर्शक डब्यात हे कळतच नाही, म्हणून काच.

रंगाचं सांगते. सफरचंद आणि केळं कापलं की आतलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तपकिरी रंग करतं, त्याने खराब होत नाही, फक्त दिसतं तसं. लिंबाचा रस आणि पाणी समसमान घेऊन त्यात चकत्या दहा मिनिटं बुडवल्या की बराच फरक पडतो, आणि आंबटपणामुळे सुकवताना जंतूही जास्त मरतात असा दुहेरी फायदा. कापत कापत थेट त्या पाण्यातच टाकत जा, सगळं कापून होईपर्यंत थांबलात तर पहिल्या चकत्या तोवर लाल झालेल्या असतात. लिंबाची चव नको असेल तर व्हिटॅमिन सी ची पूड, दोन कप पाण्याला एक छोटा चमचा, तीन ते पाच मिनिटं पुरे. केळी मात्र काही केलं तरी बाजारातल्या चिप्ससारखी पिवळी होणार नाहीत कारण ते तळलेले असतात. सालीवर नुकते ठिपके यायला लागलेली केळी घ्या, कच्ची घेतली तर सुकून लाकडासारखी लागतात आणि फार पिकलेली घेतली तर जाळीला चिकटून बसतात. अर्ध्या वेळेनंतर एकदा उलटायची.

विकतचे जर्दाळू इतके केशरी कसे असा प्रश्न पडला असेल तर ते गंधकाच्या धुरीमुळे, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. घरचे तपकिरीच होतात. ज्यांना दमा आहे त्यांच्यातल्या काहींना त्या गंधकाचा त्रास होतो, त्यामुळे घरी केलेलं बरंच आहे की.

मशीनबद्दल: महिन्यातून एखाद्या वेळी करणार असाल तर ओव्हन पुरतो, फक्त वेळ मशीनच्या जवळजवळ दुप्पट लागतो आणि तेवढा वेळ ओव्हन अडकून राहतो. दर आठवड्याला करणार असाल तर घ्या, आणि घेताना पंखा आहे का आणि तापमान बदलता येतं का एवढं नक्की बघा. नुसती खालून गरम होणारी पंख्याशिवायची असतात ती नकोत, खालचा ट्रे करपतो आणि वरचा ओलाच. एअर फ्रायरमध्ये सुकवायचं सेटिंग असेल तर थोडं थोडं करता येतं, पण त्याचा वारा जोरात असतो, हलक्या झालेल्या चकत्या उडून वरच्या गरम कॉइलला लागतात, वरून एक स्टीलची जाळी ठेवायची. मायक्रोवेव्हमध्ये फळं करू नका, कुठे शिजतात कुठे जळतात.

रानवाटा_५:
छान माहिती मिळतेय. मधेच विचारतो, माझ्याकडच्या सुक्या अंजिरांवर पांढरी पूड दिसतेय, ती बुरशीच का? टाकून देऊ का सगळे?

उन्हातला_माणूस:
थांबा, टाकू नका लगेच. अंजीर, मनुका, आलुबुखार यांच्यातली साखर बऱ्याचदा बाहेर येऊन पांढरी बसते. एक अंजीर घ्या, पांढऱ्या भागावर कोमट पाण्याचा थेंब ठेवून बोटाने चोळा. साखर असेल तर विरघळून जाते, चकचकीत साल खाली दिसते. बुरशी असेल तर ती लवेसारखी केसाळ असते, पाण्याने विरघळत नाही, नुसती पसरते आणि कुबट वास येतो. भिंगातून बघितलं तर साखरेचे दाणे चमकतात. तरीही शंका राहिलीच तर मात्र टाका, चाखून बघू नका.

रानवाटा_५:
विरघळली! साखरच होती. खूप आभार दादा.

साधासरळ:
एक छोटी गोष्ट जोडतो. पाणी गेलं तरी साखर सगळी तिथेच राहते, त्यामुळे मूठभर सुकं सफरचंद म्हणजे एक-दोन आख्खी सफरचंदं पोटात गेली असं समजा. घरात डायबेटिस असलेलं कोणी असेल तर मोजून द्या. आणि मुलांना दिल्यावर चूळ भरायला लावा, दातात चिकटून बसतं. व्हिटॅमिन सी बरंचसं उडतं, तंतू मात्र राहतात, त्यामुळे ताज्या फळाच्या जागी नको, जोडीला ठीक.

निळीछत्री:
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय, सांगितल्याशिवाय राहवेना.

या वेळी एकच किलो चकत्या घेतल्या, साल-बिया काढून बरोबर १००० ग्रॅम, पात्यावर कापल्या, कापत कापत लिंबाच्या पाण्यात. थर्मामीटर आणला तर काय, बटण ६० वर आणि आत ८२! म्हणजे मागच्या वेळी मी ९० वर ठेवलं होतं तेव्हा आत किती असेल कोण जाणे. बटण सगळ्यात खाली आणून आणि दारात चमचा अडकवून कसंबसं ५८ वर आणलं. सात तासांनी हाताला मस्त कोरड्या लागत होत्या, मन म्हणत होतं झालंय, काट्यावर ठेवल्या तर २६०. परत आत. अकराव्या तासाला १८८ झाल्या, एक चकती गार करून फाडली, कड कोरडी, दुमडली तर हळूच उघडली. तो क्षण फार छान होता.

रात्रभर गार केल्या, बरणीत भरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गळ्याजवळ काचेवर धुकं, नखाएवढंच, पण दिसलं. दालचिनीताई तुमचं वाक्य आठवलं आणि सगळ्या परत बाहेर काढल्या, दोन तास वाळवल्या, १८१ वर आल्या. मग पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात. आज दहावा दिवस, काच लख्ख आहे, बरणी हलवली की चकत्या सुट्ट्या सुट्ट्या सरकतात, मागच्या वेळी एकच गोळा हलायचा.

द्राक्षं अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात घातली, उजेडात धरल्यावर चिरा दिसल्या खरंच. अर्धी आख्खी ठेवली आणि अर्धी कापून. कापलेली आधी झाली, आख्खी अजून वाळतायत.

एक विचारायचं राहिलं, आता या कायमच्या डब्यात भरायच्या तर किती दिवस टिकतील?

काटेकोर:
वा! ८२ वाचून मलाही धक्का बसला. तिसऱ्या दिवशीचं ते धुकं तुम्ही पकडलंत तिथेच ही खेप वाचली.

अंधारात, घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्यांमध्ये भरा, एका वेळी संपेल एवढ्याच, म्हणजे एकच मोठी बरणी दिवसातून पाचदा उघडली जाणार नाही. १५-१६ डिग्रीच्या गार जागेत वर्षभर राहतात, २७ च्या आसपासच्या खोलीत साधारण सहा महिने, याहून उष्ण घर असेल तर फ्रिजमध्येच ठेवा. फ्रिजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नका, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटतं. झाकणावर तारीख आणि वजन लिहा. आख्खी द्राक्षं किती ग्रॅमवर उतरली ते नक्की कळवा.